आत्याची बरोबरची खूण

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

पाचव्या आणि सहाव्या धड्याचा तुझा कागद आज दुपारी मिळाला. दाराशीच पाकीट फोडलं आणि वाचता वाचता पायरीवर बसकण मारली. घरमालक जिना झाडत होता, त्याला वाटलं घरून वाईट बातमी आली. आत्या, सगळे शब्द बरोबर! एक म्हणून चुकला नाही! मूळ पोर्तुगीज पुस्तक शेजारी घेऊन ओळीवर बोट ठेवून जुळवले. मी इंग्रजी शब्द लिहून पाठवले होते, त्यावरून तू जे पोर्तुगीज लिहिलंस ते अगदी पुस्तकातलंच.

तुझी ही पद्धत ऑफिसातल्या मुलींना सांगितली तर त्या हसल्या. मूळ पुस्तक न उघडता उलट भाषांतर करायचं आणि ते मुळाशी जुळलं तरच मधलं भाषांतर खरं, हे त्यांना द्राविडी प्राणायाम वाटतं. मी म्हटलं, आमच्या आत्याचा नियमच आहे, मूळ समोर असलं की डोळा लबाडी करतो. शब्दकोश घेऊन ये म्हणतात. शब्दकोश आहे ग, पण तो एका शब्दाला सहा शब्द काढून दाखवतो, दुकानदार ठाणांवर ठाणं उलगडतो तसा. त्यातला अर्थशास्त्राचा कोणता, हे सांगायला तूच पाहिजेस.

परीक्षा मेच्या सुरुवातीला आहे. तुला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते. दोनदा नापास झालेलीला तिसऱ्यांदा बसू देतात हेच उपकार. या वेळी गेली तर संस्थेतली शिकायची जागा जाईल, जागा गेली की इथे राहायची परवानगी जाईल आणि बोचकं बांधून परत यावं लागेल. परत येऊन तरी करू काय? तुझ्या शाळेतसुद्धा आता सगळं इंग्रजीत होणार म्हणतात. मला अर्थशास्त्र येत नाही असं कुणी म्हणालं तर मी भांडेन, तुझ्या हाताखाली शिकले आहे. पण आपल्याकडे शाळाच पोर्तुगीज, त्यामुळे जे येतं ते सगळं पोर्तुगीजमध्ये डोक्यात भरून ठेवलंय आणि हे लोक मागतात इंग्रजीत.

सातवा आणि आठवा धडा सोबत आहे. माझी खोली ठीक आहे. खिडकी रस्त्याच्या पातळीला असल्यामुळे मला माणसं दिसत नाहीत, फक्त बूट दिसतात. आता बुटांवरून माणूस ओळखते.

तुझी,
ठमी


१३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आणि धडे पोचले. दोन्ही धड्यांचे शब्द तपासून सोबत पाठवते आहे. प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली आहे. इतक्या खुणा मी शाळेत कुणाच्याच वहीवर केल्या नव्हत्या, पोरं मला कंजूष म्हणायची ते तुला आठवत असेल.

एक कर. कागदाच्या डोक्यावर धड्याचा आकडा मोठा आणि आपल्या लिपीत घालत जा. मागच्या वेळी कोपऱ्यात मुंगीएवढा घातला होतास. शब्दांनाही ओळीने आकडे घाल, पुस्तकात आहेत त्याच क्रमाने. शिस्त म्हणून सांगते.

बाकी इकडे बरं आहे. तुझा दादा रोज संध्याकाळी बोटींच्या कारखान्यातून सरळ इथे येतो. हाताला ग्रीस तसंच. मग समोर बसून माझ्याकडे असा बघतो, जणू मी शेगडीवर ठेवलेलं दूध. मध्ये न्हाणीत जरा तोल गेला त्याचं त्याने केवढं अवडंबर केलंय! डॉक्टरने हात वर करायला सांगितला, केला. बोलायला सांगितलं, तर इतकी बोलले की त्यालाच म्हणावं लागलं, पुरे आजी. तरी दादाचं पालुपद चालूच, आई, आता माझ्याकडे राहायला चल. दोन खोल्या, तीन पोरं आणि वर मी. मी म्हटलं, मला माझी चूल आणि माझी खिडकी पुरे आहे, तू हात धुऊन ये आणि चहा पी.

तू घाबरू नकोस. घाबरलेल्या माणसाला येतं तेही येत नाही. पुढचे धडे पाठव.

तुझी,
आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

काल सराव परीक्षेचा पेपर परत मिळाला. आत्या, लाल शाईने नुसता माखलाय. बाईंनी मला वर्ग संपल्यावर थांबवून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या हसत होत्या. मी सगळीकडे व्याजाचा टॅक्स, बेकारीचा टॅक्स, महागाईचा टॅक्स असं लिहिलंय. तो शब्द टॅक्स नाही, रेट आहे! पोर्तुगीजमध्ये 'ताशा' म्हणून मी टॅक्स म्हटलं. तसंच नुसत्या आवाजावरून बाजारातल्या स्पर्धेला मी 'कॉन्करन्स' म्हटलं. त्यांनी शेजारी लिहिलंय, म्हणजे काय? उत्पन्नाला 'रेंडरिंग' म्हटलं, तिथे तर त्यांनी नुसतं उद्गारचिन्ह काढलंय.

हे सगळे शब्द मी तुला पाठवले होते. सातव्या धड्यात 'टॅक्स ऑफ इंटरेस्ट' होतं. तू त्यापुढे खूण केलीस. आठव्यात बेकारी होती, तिथेही केलीस. मी जुने कागद काढून बघितले, खुणा तुझ्याच हाताच्या आहेत, तीच शेपटी लांब ओढलेली.

मी तुझ्यावर ओरडत नाहीये. पण मी ते शब्द घोकले ग. तू बरोबर म्हणालीस म्हणून घोकले. आंघोळ करताना, ऑफिसात लेबलं चिकटवताना, झोपेतसुद्धा. आता ते पुसायचे कसे? बाई म्हणाल्या, तुला विषय येतो हे दिसतं, पण पेपर तपासणाऱ्याला ते दिसणार नाही, त्याला टॅक्स दिसणार. तुला वेळ नसला तर तसं सांग. घाईघाईत खुणा करत असलीस तर नको करूस. माझ्या मनात आलं, आत्याला आता माझा कंटाळा आला असेल. आलं ते लिहिलं.

नवव्या धड्याचे शब्द सोबत आहेत. या खेपेला जरा डोळे उघडे ठेवून बघ, हात जोडते.

ठमी


५ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

कंटाळा म्हणे! तू चार वर्षांची असताना दिवसात चाळीस वेळा 'का' विचारायचीस तेव्हा आला नाही, आता येईल होय?

तुझ्या त्या बाईंचं काय घेऊन बसलीस? एकाच गोष्टीला दोन ठिकाणी दोन शब्द असतात. आमच्या वेळची पुस्तकं वेगळी होती. कदाचित एखाद-दुसरा माझ्या नजरेतून सुटलाही असेल, चष्मा बदलायला झालाय, दादाला सांगते आहे. पण सगळे चुकले असं होणार नाही. तू माझी विद्यार्थिनी आहेस. तुझं मुळातच बरोबर असणार, हे मला न बघताही ठाऊक असतं.

नववा धडा अगदी डोळ्यांत तेल घालून बघितला. शब्द सोबत आहेत. सगळे बरोबर, सगळ्यांपुढे खूण आहे. हा धडा तुझा फारच छान झाला आहे. अक्षरही या वेळी टपोरं काढलंस, वाचायला बरं पडलं.

तब्येतीला जप. काल वारा होता, खिडकी लावून बसले होते. विशेष काही नाही.

तुझी,
आत्या


१४ मार्च

आत्या,

नवव्या धड्याचा कागद माझ्या टेबलावर आहे. गेले कित्येक दिवस तो इथेच आहे, शब्दकोशाखाली. मी तो तुला पाठवलाच नाही.

तुला पाठवला तो घरमालकाच्या नियमांचा कागद. त्याचं अक्षर गचाळ, म्हणून त्याने मला दारावर लावायला नियम सुवाच्य लिहून मागितले होते, इंग्रजीत, आकडे घालून. मी रडत पाकीट भरत होते, हाताला लागला तो कागद कोंबला. घरमालक आपले नियम शोधतोय आणि मी तुझं उत्तर हातात धरून उभी आहे.

पहिला नियम, दार आपटू नये. तू लिहिलंस, महागाई. चौथा, जिन्यात सायकल ठेवू नये. तिथे तू लिहिलंस, परदेशी व्यापाराचा ताळेबंद. सातवा, स्वयंपाकघरात कपडे वाळत घालू नयेत, त्यापुढे 'ताशा दि देझेंप्रेगु', बेकारीचा दर, आणि खूण. नियम चौदा होते. तू सतरा शब्द पाठवलेस, कारण धड्यात सतरा आहेत.

सुरुवातीला मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले. मग हसता हसता थांबले आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

तू कागद वाचतच नाहीस. पत्रातला धड्याचा आकडा बघतेस आणि पाठ आहे ते लिहून काढतेस. का, आत्या? मी एवढी गयावया करून सांगितलं होतं, माझं सगळं या एका परीक्षेवर आहे. रागाने लिहीत नाही. रागाने लिहायला घेतलं होतं ते फाडलं. घाबरून लिहिते आहे. तुला काय झालंय? न्हाणीत तोल गेला, म्हणजे नक्की काय झालं होतं?

चष्म्याचं सांगू नकोस. माझी शपथ आहे.

ठमी


२३ मार्च

ठमे,

शपथ घालायला नको होतीस.

इंग्रजी गेलं. न्हाणीत पडले त्या दिवशी. शुद्धीवर आले तेव्हा मराठी होतं, पोर्तुगीज होतं, शेजारणीची सगळी लफडीसुद्धा जागच्या जागी होती. डॉक्टर पोर्तुगीजच बोलला, त्यामुळे त्याला काही कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. आठवड्याने तुझा कागद आला. उघडला. अक्षरं ओळखीची, पण ती एकत्र येऊन मला काहीच सांगेनात. सगळं घर पाहुण्यांनी भरलंय आणि एकाचंही नाव आठवत नाही, तसं झालं. मी कागद उलटा धरला, दिव्याखाली धरला. तोंड धुऊन येऊन पुन्हा बघितलं. मग पलंगावर बसून खूप रडले. मी, जिला इंग्रजीचा मास्तर असतानाही सगळी शाळा इंग्रजीचं पत्र आलं की बोलावून न्यायची.

पुस्तक मात्र शाबूत आहे. जन्मभर तेच शिकवलं. धड्याचा आकडा दिसला की शब्द आपले ओळीने येतात. मी म्हटलं, चला, एवढं तरी आहे. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वाटलं, पुढच्या खेपेपर्यंत येईल परत. दुसऱ्या खेपेलाही तेच वाटलं. रोज सकाळी उठून आधी कपाटातलं इंग्रजी पुस्तक उघडते. दात नंतर घासते.

आणि तुझं चुकत असेल असं खरंच मनात आलं नाही ग. तुझ्यावर विश्वास होता म्हणून नाही, विश्वास ठेवणं सोयीचं होतं म्हणून. तू व्याजाचा टॅक्स लिहिलास हे वाचलं तेव्हा मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि तरीही तुला चष्म्याची थाप मारली.

मला शिव्या दे, पण एक कर. दादाला कळवू नकोस. त्याला कळलं की दुसऱ्या दिवशी हातगाडी दारात. त्याचं बरोबरही आहे, आणि तुझी वहिनी गुणाची आहे, पण मी या घरात तुझ्या काकांबरोबर आले, इथेच तुला वाढवलं, इथे डोळे मिटूनही मला मिठाचा डबा सापडतो. दुसरीकडे नेलंत तर मी म्हातारी होईन. हे एवढं मला राहू दे.

तुझ्या परीक्षेचं मी काय केलं हे मनात आलं की वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवते.

आत्या


१ एप्रिल

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

तुला शिव्या देण्याइतकी मी मोठी झालेली नाही. पत्र वाचून कामावर गेले नाही. खिडकीतून बूट बघत बसले.

मी ठरवलंय. परीक्षेतून नाव काढून घ्यायचा अर्ज लिहून ठेवलाय. पंधरा तारखेला कार्यालयात देते आणि महिनाअखेर तुझ्याकडे येते. कायमची. दादाला काही सांगायचं नाही. मी घरात असले की त्यालाही घोर नाही आणि तुला कुणी हलवणार नाही. तू तुझ्या चुलीपाशी, मी माझ्या कोपऱ्यात. नोकरीचं बघू. लेबलं कुठेही चिकटवता येतात. तुला पुन्हा चक्कर आली आणि मी इथे व्याजाचा दर घोकत बसलेय, हे मला सोसायचं नाही.

तू वाद घालशील म्हणून आधीच सांगते, मला यात काही त्याग वगैरे वाटत नाही. उलट अर्ज लिहिल्यावर शांत झोप लागली, कितीतरी दिवसांनी. खरं सांगू? मला परीक्षेची आता इतकी धास्ती बसलीय की तुझं निमित्त मिळालं म्हणून जीव भांड्यात पडला, असंही आहे. पेपर समोर आला की मला बाईंचं ते हसू ऐकू येतं. कुठला शब्द खरा आणि कुठला मी बनवलेला, हेच कळेनासं झालंय. पुन्हा नापास होऊन येण्यापेक्षा तुझ्यासाठी म्हणून आलेलं बरं दिसेल. लोकांना आणि मलाही.

माझी गादी काढून उन्हात टाक.

तुझी,
ठमी


१० एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

दादाने केलेली तार तुला मिळाली असेलच. 'अर्ज देऊ नकोस, पत्र येतंय' एवढंच लिहायला सांगितलं होतं, त्याने शेवटी 'आई बरी आहे' हे आपल्या मनाने घातलं. तर हे ते पत्र.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खाली बसून भांडी कागदात गुंडाळत होते. ते एका हाताने वाचलं, दुसऱ्या हातात परात होती. वाचून झाल्यावर परात जोरात आपटली, तुझी वहिनी धावत आली.

झालं ते असं. तुला मागचं पत्र टाकलं आणि पेटीपासून घरापर्यंत येता येता माझं मलाच कळलं की मी काय मागितलं आहे. पोरीची परीक्षा बुडाली तरी चालेल, माझा मिठाचा डबा हलता कामा नये! लाज वाटली. तशीच वळले आणि छत्रीवाल्या मास्तरांकडे गेले. तोच तो शाळेतला इंग्रजीचा मास्तर, वेळापत्रकावरून माझं ज्याच्याशी वाजलं होतं आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याच्या दारात उभी राहून म्हटलं, माझं इंग्रजी गेलं आहे, तुमचं शिल्लक आहे का? त्याने खुर्ची पुसून दिली.

तो बिचारा इंग्रजीत पक्का, पण अर्थशास्त्रात औरंगजेब. व्याजाचा दर म्हणजे काय हे त्याला आधी मी समजावते, मग तो मान हलवतो, मग त्याची जाडी इंग्रजी पुस्तकं काढून ती गोष्ट कुठे कोणत्या नावाने आली आहे ते शोधतो आणि लिहितो. एखाद्या शब्दाला अर्धी सकाळ जाते. भांडतोसुद्धा. काल स्पर्धेवरून एवढे भांडलो की त्याची लेक चहा ठेवून पळून गेली. पण आम्ही दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो. पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे धडे सोबत आहेत. आता हे घोक. जुने आठवले तर आठवू देत, वर हे घाल.

मास्तर राहतो दादाच्या गल्लीत. माझ्या घरून रोज तिथवर जाणं मला झेपत नाही, दोन दिवस गेले तर तिसऱ्या दिवशी रस्त्यातच कठड्याला धरून उभी राहिले. आणि मास्तरच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या शाळेला ठाऊक. म्हणून त्याच्या आधी मीच दादाला सांगितलं. सगळं, खुणांसकट. तो ओरडला नाही ग. ग्रीसच्या हातांनी तोंड झाकून बसला आणि म्हणाला, आई, मला का नाही सांगितलंस. त्याचं तोंड काळं झालं होतं, पुसायला मी पदर दिला.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला आवडलं, बाकी पत्र फाडून टाकण्याच्या लायकीचं आहे. मला धास्ती बसलीय, हे ते वाक्य. ते खरं लिहिलंस. मीही धास्तीनेच खुणा करत होते. म्हणून मला ती बरोबर ओळखता आली. माझ्या आजारपणाच्या आड तुला लपू देणार नाही मी. मी त्याच्याआड पुष्कळ लपून बघितलं, तिथे फार दिवस राहता येत नाही.

तू म्हणतेस, येते आणि कोपऱ्यात राहते. कुठे येशील? घर सोमवारी रिकामं करून किल्ली मालकाला दिली. पुढच्या आठवड्यात तिथे कोणी शिंपी राहायला येतो आहे, मशीन कुठे ठेवायचं ते बघायला येऊनही गेला. तुझी गादी वहिनीने दिली कुणाला तरी. मी इथे पोरांच्या खोलीत निजते. मधला मुलगा झोपेत लाथा मारतो आणि तेव्हापासून मला चहात साखर घालावी की मीठ हेही विचारूनच घ्यावं लागतं. रडू येतं. रडते. मग मास्तरकडे जायची वेळ होते.

नववा धडा घेतला आहे. परीक्षेपर्यंत आम्ही दोघं पुस्तक संपवू, तू तेवढं घोकण्याचं बघ. आता परत यायला तुला घर नाही, ठमे. मी ते ठेवलेलं नाही. तेव्हा पास हो.

तुझी,
आत्या